चौगुले अण्णांचा खोकला

चौगुले अण्णांना खोकला झालेला नाही. तरी ते दिवसभर खोकतात.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी घरून आल्याचा पाक करून नेला होता. त्यांनी बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि सरळ गेटवरच्या वॉचमनला नेऊन दिली. "त्याला खरंच हाय," म्हणाले.

आमचं ऑफिस पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला माझी केबिन आणि मध्ये प्लायवूडची भिंत. शेडमध्ये परदेशी जाणाऱ्या वेल्डरांची तयारी करून घेतात आणि त्यांची परीक्षा होते. पास झालेल्यांचे कागद माझ्याकडे येतात आणि मी त्यांना व्हिसापर्यंत पोचवते. व्हाइटफील्डची आयटीतली नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा पुण्यात आईने मावशीला सांगितलं की मुलगी गॅरेजमध्ये लागली. तिचं फार चुकलं असं मला म्हणता येत नाही.

अण्णा हे शेडचे मास्तर. मूळचे निपाणीकडचे. मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. बाकीचे मास्तर डोळ्यांसमोर काळी काच धरतात आणि वेल्डरच्या खांद्यावरून वाकून बघतात. अण्णा वेल्डरकडे पाठ करून स्टुलावर बसतात आणि ऐकतात.

"डोळं फशिवतात मॅडम. कान नाही फशिवत."

काम नीट चाललं असेल तर वेल्डिंगचा भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. तो आवाज जरा फाटला की अण्णा खोकतात. मग वेल्डर थांबतो, बिघडलेला भाग ग्राइंडरने घासून काढतो आणि पुन्हा जोडतो. अण्णा एक शब्द बोलत नाहीत. वेल्डर म्हणतात, यापेक्षा शिव्या परवडल्या.

हे सगळं शेडपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. कोपऱ्यावर मिरची बज्जीची गाडी आहे. तिथेही अण्णा कढईकडे पाठ करून उभे राहतात. एकदा त्यांना तेल पुरेसं तापलेलं वाटलं नाही म्हणून ते खोकले. पुन्हा खोकले. गाडीवाल्याने आम्हा दोघांना लांब उभं राहायला सांगितलं आणि बज्ज्या कागदात बांधून हात लांब करून दिल्या.

परीक्षेची रीत अशी की जोडलेल्या प्लेटच्या पट्ट्या कापायच्या आणि प्रेसमध्ये घालून घोड्याच्या नालासारख्या वाकवायच्या. जोड फुटला तर माणूस नापास, नाही फुटला तर पास. न फुटलेल्या पट्ट्या अण्णा टाकून देत नाहीत. त्या माझ्या केबिनच्या भिंतीवर ठोकतात, खुंट्या म्हणून. प्रत्येक खुंटी कुणाची आहे ते त्यांना पाठ आहे. माझी पर्स मस्कतला गेलेल्या थॉमसवर लटकते. डब्याची पिशवी कतारच्या मंजुनाथवर. "मॅडम, छत्री इब्राहिमवरनं काढा, तो जरा वाकडा बसलाय," असं ते मला सांगतात, आणि हल्ली मला त्यात काही विचित्र वाटत नाही.

व्हिसाच्या कामातही त्यांचा हात असतोच. जुन्या वेल्डरांची बोटं भाजून भाजून गुळगुळीत झालेली असतात, मशीनवर त्यांचे ठसे उमटत नाहीत. अशांना अण्णा काम बंद करायला लावतात, बोटांना खोबरेल चोळायला लावतात आणि ठसे द्यायच्या दिवशी स्वतः बरोबर जातात. निघणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं सांगणं एकच असतं. "तिकडं घाई करू नको. स्वल्प थांब, मग लाव."

सुजाता ही अण्णांची एकुलती एक मुलगी. तिची आई गेल्यापासून दासरहळ्ळीच्या दोन खोल्यांत हे दोघंच. तिला नर्सिंगला घालायचं अण्णांच्या मनात होतं, पण तिने वेल्डिंग शिकायचं ठरवलं आणि बापाच्याच शेडमध्ये उभी राहिली. ती जितका खोकला खाऊन तयार झाली तितका दुसऱ्या कुणी खाल्ला नसेल. पोलंडमध्ये टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याला वेल्डर हवे होते. तिने मला न विचारता आपला पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, माझं पण नाव घाला. अप्पांना मी सांगते."

तिने सांगितलं. अण्णा कन्नडमध्ये "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. पण त्या दिवसापासून ते डबा खाताना गप्प राहू लागले. ती गेली की घरी बोलायला कुणी उरणार नव्हतं. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की पोरगी नापास झाली तर म्हातारा पेढे वाटेल. मला राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही तसं वाटून गेलं होतं.

मी त्यांना एकदा विचारलंच. "तुम्हाला काय वाटतं अण्णा?"

"मला काय वाटायचंय? पट्टी वाकंल, न्हाईतर फुटंल."

परीक्षा घ्यायला कारखान्याचा माणूस पोलंडहून आला. उंच, फिका आणि अण्णांपेक्षाही कमी बोलणारा. परीक्षा चालू असताना वेल्डरला कुणी काही सुचवायचं नाही, असा नियम. अण्णांच्या खोकल्याची ख्याती लक्षात घेऊन मी त्यांना माझ्या केबिनमध्ये बसवलं. दार लावलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि प्लायवूडच्या भिंतीला पाठ लावून बसले. म्हणजे शेडमध्ये बसतात तसेच.

सुजाताची पाळी सगळ्यांत शेवटी आली. वेल्डरांपैकी शेडमध्ये ती एकटीच उरली होती. पलीकडून भजी तळल्याचा आवाज सुरू झाला. मग आवाज थांबला.

"रॉड बदलाली," अण्णा पुटपुटले.

पुन्हा सुरू झाला आणि मलाही जाणवलं. आवाज क्षणभर फाटला होता. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता. मान लाल झाली होती, गळा वरखाली होत होता. हा जोडाचा सगळ्यांत आतला थर. तिथे बिघडलेलं तसंच राहिलं आणि वर दुसरा थर चढला, तर पट्टी तिथेच फुटणार आणि पोरगी घरी राहणार. एक खोकला काढला असता तर ती वाचली असती. नियम मोडला असता, तरी भिंतीपलीकडच्या खोकल्याला पुरावा कसला? मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. आयुष्यात परीक्षेला कुणासाठी खोकले नव्हते, ते तेव्हाही खोकले नाहीत. पण त्यांना ती राहायला हवी होती की जायला, हे त्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नसतं. त्यांनाही आलं नसतं.

पलीकडचा आवाज बंद झाला. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ग्राइंडर सुरू झाला.

अण्णांनी तोंडावरचा हात काढला. "मी खोकलो नाही," ते म्हणाले. "तिचं तिला ऐकू आलं." आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले होते, पण मी कागद लावत बसले.

पट्ट्या वाकल्या. एकही फुटली नाही. अण्णांनी त्यांतली एक पोलंडच्या माणसाकडून मागून घेतली, पण ती काही माझ्या भिंतीवर आली नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात असते आणि खिसा लोंबतो. घरी ठोका म्हटलं तर म्हणतात, भिंत मालकाची हाय.

अण्णांचा फोन बटणांचा. त्यामुळे सुजाता पोलंडहून माझ्या फोनवर करते, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत. तिला त्या दिवशी सुट्टी असते, आम्हाला नसते. मी व्हिडिओ लावून फोन टेबलावर उभा करते. अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसतात. किती वेळा सांगितलं, अण्णा, तोंड दाखवा. ऐकत नाहीत. सुजाताला सवय आहे. ती बापाच्या पाठीशी बोलते.

परवाचं बोलणं नेहमीसारखंच झालं. थंडी, भात, खोलीतला हीटर. सगळं छान आहे म्हणाली. मग बोलायचं संपलं तरी तिने फोन ठेवला नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "जरा खोका की."

"उगंच कसा खोकू? काय चुकलंय तुझं?"

"काय नाही चुकलं. कामावर सगळे चांगलं म्हणतात." ती थांबली. "इकडं कुणी खोकत नाही."

 अण्णा खिशातली पट्टी चाचपत बसले. मग स्टुलावर हळूहळू वळले, फोनकडे तोंड केलं, तिच्याकडे नीट बघितलं आणि खोकले.