कोळीवाड्याचे सात एबी

रक्तगट तपासावा तर मीच! १९६१ साली आमच्या किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात मी हे छाती फुगवून सांगत असे. फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे दोन थेंब. एकात 'ए'चं औषध, दुसऱ्यात 'बी'चं. गुठळी जिथे, तो गट. दोन्हीकडे असली तर एबी, कुठेच नसली तर ओ. दोन मिनिटांत निकाल! माझे वरिष्ठ रावजी मात्र नळ्या कोमट पाण्यात ठेवून अर्धा तास तपश्चर्या करीत.

एकदा आमच्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या केसरचं फार रक्त गेलं. तिचा गट ओ, त्यामुळे तिला ओ रक्तच हवं. मुंबईहून रक्ताची बाटली मांडव्याच्या लाँचनं येणार, पण उद्या! मी सायकल हाणली आणि कोळीवाड्यातल्या तिच्या सात भावा-चुलत्यांचं रक्त कुप्यांत घेतलं. जुळेल त्यालाच बोलवायचं! केसरच्या आईनं, नीराबाईनं, कुप्या पापलेटांच्या डब्यात बर्फात खुपसल्या आणि डबा घेऊन माझ्याबरोबरच निघाली.

"उन्हान नासंल! रगत ताजं र्‍हायला पायजे ना?"

काय ही अक्कल! मी खूश. परतल्या परतल्या गारेगार थेंब फरशीवर टाकले. पहिला एबी. दुसरा एबी. सातही एबी!

"रावजी, दुर्मिळ घराणं सापडलं! माझं नाव छापून येणार!"

"नाव नंतर छाप. ओ कुठाय?"

नीराबाई रडकुंडीला आली. "म्हंजे येकाचं बी चालत न्हाय? माजी पोर मरंल रं!"

मला फार वाईट वाटलं. इतक्यात रावजींनी विचारलं, "तुझा गट कोणता रे?"

"ओ!" मी ऐटीत म्हणालो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुईला मी जाम भितो हो! दुसऱ्याला टोचताना नाही, ती गोष्ट वेगळी.

रावजींनी माझं रक्त केसरच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, अर्थात नळीत! मी बाकावर आडवा झालो, डोळे घट्ट मिटले. बाटली भरत आली, तोच आतून रावजी ओरडले, "अरे शहाण्या! थंडीनं कुणाच्याही रक्ताच्या गुठळ्या होतात! कोमट केल्यावर त्या विरल्या. तुझ्या सातांत चौघे ओ आहेत!"

"मग सुई काढा की!"

"आता भरलीच आहे."

केसर वाचली. माझ्या रक्तानं वाचली, हे मी आजही चारचौघांत सांगतो. दुसऱ्या दिवशी नीराबाई त्याच डब्यात, बर्फात ठेवलेलं हातभर पापलेट माझ्यासाठी घेऊन आली. माझी छाती पुन्हा फुगली.

रावजी डब्यात डोकावले.

"आधी कोमट कर हो! नाहीतर तुझ्या हातून हेही एबी निघायचं!"