अप्पांचा चार पुडांचा डबा

अप्पा स्वतःच्या टेबलावर कधी जेवले नाहीत. नोकरी आस्थापना शाखेत, पण जेवणाची सुट्टी झाली की चार पुडांचा डबा उचलून ते दुसऱ्याच खात्यात निघत. माणूस म्हणजे पाप्याचं पितर, आणि डबा चौघांचा. मी बदलून धाराशिवच्या जिल्हा कार्यालयात आलो तेव्हा अप्पांच्या पोटात जंत असावेत असा माझा अंदाज होता. मला अंदाज पोटात ठेवता येत नाही. पहिल्याच आठवड्यात तो मी त्यांच्या तोंडावर बोलून बसलो.

अप्पा शांतपणे म्हणाले, "व्हय, दोन हायत. एक रस्त्याचा, एक पाण्याचा. चला, दावतो."

जंत म्हणजे दोन अभियंते निघाले. रस्तेवाले कांबळे आणि पाणीवाले जाधव. कांबळ्यांनी रस्ता गुळगुळीत करायचा आणि डांबर वाळायच्या आत जाधवांनी पाइपासाठी तो खणायचा, असा रिवाजच पडलेला. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत, पण बोलणं पत्रानं, जावक क्रमांक टाकून.

अप्पांनी जाधवांना हाताला धरून कांबळ्यांच्या खोलीत आणलं आणि डबा सोडला. सगळ्या भाकरी कांबळ्यांपुढं ठेवल्या. शेंगाचटणी अन् पिठलं सगळं जाधवांपुढं. मला म्हणाले, "साहेब, आता आपण गप बसायचं."

कोरडी भाकरी माणूस किती वेळ चावणार, आणि नुसती चटणी तरी किती चाटणार? कांबळ्यांनी खाकरून पाहिलं. जाधवांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग डब्याचं चटणीचं पूड हळूच इकडं सरकलं, भाकरी तिकडं गेली, आणि हात धुवायच्या आत पाइप आधी की डांबर आधी हे ठरलंसुद्धा.

अप्पांची निवृत्ती जवळ आली तसे बडे साहेब काळजीत पडले. हा माणूस गेला की खाती पुन्हा एकमेकांना पत्रं लिहीत बसणार. त्यांनी मला बोलावून सांगितलं, अप्पा आहेत तोवर त्यांची पद्धत शिकून घ्या आणि सगळ्या खात्यांना शिकवा. मी कामाला 'आंतरविभागीय क्षमताबांधणी' असं भारदस्त नाव दिलं. नावापर्यंत सगळं ठीक होतं.

पुढं माझी अक्कल चालली. सभागृह, प्रोजेक्टर, खात्यानुसार रांगा, रांगेपुढं खात्याची पाटी. आणि खास माझी कल्पना म्हणून, स्वच्छतेसाठी प्रत्येकाला बंद पार्सल. सगळ्यांनी आपापलं पार्सल फोडलं, शेजारी मोबाइल टेकवला आणि खाली मान घालून जेवण उरकलं. मी पडद्यावर 'समन्वय' या शब्दाभोवती बाण फिरवत होतो. अप्पा मागं बसलेले. कसं झालं म्हणून मी त्यांना विचारलं.

"लई ब्येस. फकस्त पार्सलात शेजारी मावत न्हाय."

ही पद्धत सुचली कशी, असं मी त्यांना सारखा विचारायचो. ते "भूक, साहेब," एवढंच म्हणायचे. मी तो पडद्यावरचा पहिला मुद्दा केला.

शाल, नारळ, भाषणं झाली. अप्पा घरी गेले. काही दिवसांत कांबळ्यांचा नवा रस्ता जाधवांनी खणला, जाधवांचा पाइप कांबळ्यांच्या रोलरखाली फुटला, आणि दोन्हींबद्दल बोलणी मी खाल्ली. तसाच उठून भर दुपारी अप्पांच्या घरी गेलो.

अप्पा उंबऱ्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, शेजारी तोच डबा. भरलेला.

"कुठं निघालात?"

"कुठं न्हाय."

मी गोंधळून आत पाहिलं. स्वयंपाकघर लख्ख. मांडणीत एकच ताट, कोरडं. अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ही गेल्यापास्नं ताटात वाढून घेतलं न्हाय बघा. भिंतीकडं बघून घास उतरत न्हाय. म्हून हापिसात हिंडायचो. तुमी त्येला पद्धत म्हणला. म्या कशाला न्हाय म्हणू?"

मी बाजूला जाऊन कांबळ्यांना अन् जाधवांना फोन लावला, काय भांडायचं ते इथं येऊन भांडा म्हणालो. दोघं भांडतच अंगणात शिरले. अप्पांनी काही विचारलं नाही. भाकरी कांबळ्यांपुढं, चटणी जाधवांपुढं.

पाइपाचं कधी मिटलं ते कळलंही नाही. दोघं गेल्यावर अप्पा मोरीत डबा घासायला बसले. पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, "उद्या कुणाचं भांडण हाय?"

"कृषी आणि वनखात्याचं," मी बेधडक ठोकून दिलं. "लई जुनं आहे अप्पा. लवकर मिटायचं नाही."

त्यांनी चौथं पूड परत एकदा विसळलं.

"मग भाकरी वाढवाव्या लागत्याल," ते म्हणाले.