सबनिसांचं घर कुठे आहे हो?

निमाताई सबनीस मला पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा त्या स्वतःच्याच घराचा पत्ता विचारत होत्या.

नवऱ्याची कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही बागबाजारात एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. सामानाचा टेम्पो दारात उभा होता. समोरच्या चहाच्या टपरीशी एक साठी उलटलेल्या बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, त्यातून पालकाची पानं बाहेर आलेली. स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "शिबूदा, सबनीसेर बाडी कोन्टा?"

चहावाल्याने किटलीवरची नजरसुद्धा न उचलता आमच्या दाराकडे बोट केलं. बाईंनी मान डोलावली, दाराशी आल्या, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडून आत गेल्या. दारावर पाटी होती, 'सबनीस'.

"वेडसर आहे का हो ही बाई?" मी नवऱ्याला हळूच विचारलं. तेवढ्यात आतून मराठीत हाक आली, "अगं, पाणी हवंय का? की चहाच टाकू?"

आमच्या घरमालकीण निमाताई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. इथे निम्मं आयुष्य गेलेलं, इथली गल्लीन्‌गल्ली पाठ. तरी त्या विचारायच्या. सियालदहला बजबजच्या गाडीत बसून, गाडी सुटल्यावर, "ही बजबजलाच जाते ना?" अख्खा डबा उत्तर द्यायचा. उतरेपर्यंत कुणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय हे त्यांना कळलेलं असायचं. मासेवाल्याला विचारायच्या, "हा ताजा आहे का?" आणि स्वतः पक्क्या शाकाहारी. मी काही म्हटलं की ठरलेलं उत्तर, "विचारायला काय जातंय?"

नव्या माणसाला स्वतःची ओळख करून द्यायची तऱ्हाही त्यांचीच. लुटायला येणाऱ्या मराठ्यांना, बंगाल्यांच्या भाषेत 'बर्गीं'ना, अडवायला खणलेला जुना खंदक म्हणे आमच्या बागबाजारापासूनच सुरू व्हायचा. निमाताई बंगाली म्हाताऱ्यांना हात जोडून सांगायच्या, "आमी बर्गी. खंदक बुजायची वाट बघितली, मग आले." म्हातारे हसून हसून खोकायला लागायचे.

तर अशा बाईंच्या हाती माझ्या दिराने परदेशातून पाठवलेलं ते यंत्र पडलं.

साबणाच्या वडीएवढं, पिवळंधमक, मुलांसाठी केलेलं. एखाद्या जागी उभं राहून बटण दाबलं की ते ती जागा लक्षात ठेवतं. मग कुठूनही बघा, पडद्यावर एक बाण त्या जागेची दिशा दाखवतो आणि किती मीटर राहिलं ते सांगतो. तिकडे लोक म्हणे रानात डबे लपवतात आणि दुसरे लोक ते शोधत फिरतात. माझी सात वर्षांची रेवा आणि पाच वर्षांचा ओम यंत्र बघून नाचायला लागले.

निमाताईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे वाटेत कुणाला काही विचारायचंच नाही?" मी त्यांना बिनमिठाची आमटी वाढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "बाण दाखवतो हे ठीक. पण बाण बोलतो का?"

तरी रविवारी सकाळी खजिना लपवायला त्याच गेल्या. स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरले, वर दोन भोवरे ठेवले, यंत्र पदराखाली घेतलं आणि चोरासारख्या गल्लीत शिरल्या. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परतल्या आणि यंत्र रेवाच्या हातात दिलं. "घ्या. मी अक्षरही बोलणार नाही."

आम्ही निघालो. यंत्राला उत्तर कोलकात्याची काहीच माहिती नव्हती. गल्ली डावीकडे वळायची, बाण सरळ भिंतीत घुसायचा. मुलं बाणाची आज्ञा मोडायला तयार नाहीत, त्यामुळे आम्ही एका परक्या अंगणात शिरलो. तिथे एक आजोबा पंचा नेसून अंगाला तेल चोळत बसले होते. त्यांनी बंगालीत विचारलं, काय हवंय?

"खजिना," ओम म्हणाला.

"उशीर केलास बाळा," आजोबा शांतपणे म्हणाले. "आमच्या घरातला खजिना माझ्या आजोबांनीच उडवला."

बोलणार नाही म्हणालेल्या निमाताई तोपर्यंत रस्त्यावर प्रत्येकाला विचारत होत्या, "दादा, खजिना कोन दिके?" स्वतःच लपवलेला! आणि कोलकात्यात 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. इस्त्रीवाल्याने उत्तरेला हात केला, मिठाईवाल्याने दक्षिणेला. ओट्यावर पेपर वाचणाऱ्या दोघांचं तर यावरून आपसात जुंपलं. रेवा वैतागली, "आजी, बाण बोलतोय ना, इकडे!" ओमचं निराळंच. "आई, मला पाणी खायचंय." इथे वाढणारी आमची मुलं पाणी पितच नाहीत, बंगालीसारखं खातात.

पाण्याची बाटली काढायला मी पिशवीत डोकं घातलं. वर पाहिलं, तर मुलं नाहीत.

मी गल्लीच्या टोकापर्यंत धावले. दोन फाटे, दोन्ही रिकामे. पुढे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे घाट. नदी. "निमाताई, बाण नदीकडे होता का? कुठे लपवलाय तुम्ही डबा?"

"घाटावर," त्या म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी आवाज लावला, "सबनीसबाडीर बाच्चा! कोन दिके गेलो?"

वरच्या खिडक्या उघडल्या. कुणी हातातलं वाटण तसंच ठेवून गच्चीच्या कठड्याशी आलं. खिडकीतली बाई, दाढी करत असलेला न्हावी, सायकलवरचा दूधवाला, सगळ्यांचे हात एकाच दिशेला उठले. आम्ही त्या हातांच्या दिशेने पळत सुटलो.

रुळांच्या अलीकडेच मुलं भेटली. फुलं विकणारी एक बाई दोघांची मनगटं घट्ट धरून आमच्याकडेच येत होती. ओमच्या गळ्यात तिने झेंडूचा हार घातला होता. मी मुलांना पोटाशी धरलं, तो हार पार चुरगळला.

"बाण म्हणत होता पुढे जा," रेवा हुंदका आवरत म्हणाली. "ही मावशी म्हणाली, नाही. घर कुठे विचारलं. ओम म्हणाला निमाआजीचं."

"मुलं मी ओळखत नव्हते," फुलवाली मला हिंदीत म्हणाली. तिचं नाव मालती. "घर ओळखते ना. सबनीसबाबूंना मीच तर कितीदा पोचवलंय."

मी निमाताईंकडे पाहिलं. त्या ओमच्या बुटाची नाडी बांधण्यात गुंतल्या होत्या.

मग आम्ही सगळेच घाटावर गेलो. मालतीने ओमचा हात धरून रूळ ओलांडून दिले. बाण गरगरला, मीटर संपत आले आणि पायऱ्यांच्या कठड्यामागे रेवाला डबा दिसला. तिच्या किंकाळीने आंघोळ करणारे लोकही वळून बघायला लागले. त्यांनाही लाडू मिळाले.

मुलं पायरीवर भोवरे फिरवू लागली, तेव्हा निमाताई आपणहून बोलल्या. "शेवटची काही वर्षं ह्यांना काही आठवायचं नाही. मी आंघोळीला गेले की दार उघडून बाहेर. कोंडून कसं ठेवायचं गं माणसाला? मग मी दुकान न्‌ दुकान विचारत फिरायला लागले, सबनिसांचं घर कुठे आहे हो? ज्याला सांगता यायचं नाही त्याला दाखवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. सगळं बागबाजार पास करून घेतलं."

"तेव्हा हे यंत्र असतं तर किती सोपं झालं असतं," मी म्हटलं.

त्यांनी ते पिवळं यंत्र तळहातावर घेतलं. "असतं, तर हे एकटेच घरी आले असते. तेव्हा रोज कुणीतरी हाताला धरून आणायचं. बसायचं. मी चहा टाकायचे. ह्यांना वाटायचं, पाहुणेच आलेत. 'बसा, बसा, जेवूनच जा,' असा आग्रह करायचे. इतकं भरलेलं घर आमचं पूर्वी कधी नव्हतं." यंत्र त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "आता हरवायलाच कुणी नाही घरात. लोक तरी कशाला येतील?"

रेवा तोंडात लाडू कोंबून ऐकत होती. तिला किती कळलं कोण जाणे. ती निमाताईंच्या मांडीला खेटून बसली. "आजी, मी आणि ओम हरवू की. उद्या शाळा नाही."

निमाताईंनी पदराने तिच्या हनुवटीवरचं बेसन पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण चहाच्या वेळेला हरवा. आणि ह्या मालतीला आधी सांगून ठेवा."