पहिल्या दिवशीच फोन करावा

लाउतोका शहरातल्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या लितियानाला पाळी वर्षातून दोन-तीनदाच येई. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर ती इस्पितळाच्या वंध्यत्व विभागात गेली. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "पीसीओएस आहे. बीज वेळेवर सुटत नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी सुटेल. बाहेर नाव नोंदवा."

बाहेर वासिती नावाच्या कारकूनबाई होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला: पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी आठ ते नऊ या वेळेत फोन करावा, त्यानंतरच उपचार सुरू होतील.

"पण मला पाळी येत नाही," लितियाना म्हणाली. "म्हणूनच तर आलेय."

"बरोबर ठिकाणी आलात. आली की फोन करा."

"ती यावी म्हणूनच उपचार हवेत ना, ताई?"

"उपचार हवेत तर आधी ती यायला हवी," वासिती समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

चार महिने गेले. नवरा साइरुसी रोज सकाळी "आली का?" विचारी, जणू सुवाची बसच यायची होती. पाचव्या महिन्यात पत्र आलं: 'आपण संपर्क न साधल्यामुळे आपणांस अपत्याची इच्छा नाही असे गृहीत धरून फाइल बंद करण्यात येत आहे.'

लितियाना तडक इस्पितळात गेली. फाइल पुन्हा उघडायला गरोदर नसल्याचा दाखला हवा होता.

"गरोदर असते तर इथे कशाला आले असते?"

"तेच प्रयोगशाळेकडून लिहून आणा."

तिने आणला. दाखल्याची मुदत सात दिवसांची होती आणि वासितींनी दिलेली तारीख दहाव्या दिवसाची.

शेवटी डॉक्टरबाई तिला बाजारात कंद निवडताना दिसल्या. सगळं ऐकून त्यांनी दाखला पाहिला, त्यावर फाइल उघडण्याचा शेरा मारला आणि तिथेच पाळी आणणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. "या पहिल्याच भेटीत द्यायच्या होत्या," त्या ओशाळून म्हणाल्या. "मला वाटलं, बाहेर देतात."

पाळी आली ती रविवारी. विभाग बंद. सोमवारी आठ वाजता वासितींनी फोनवर विचारलं, "आज पहिला दिवस ना?"

लितियाना पाद्र्याची मुलगी. तिने घसा साफ केला. "हो. आजच."

उपचार सुरू झाले. बाराव्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर बीज चांगलं वाढलेलं दिसलं तेव्हा लितियाना रडली, आणि साइरुसी डॉक्टरबाईंचा हात सोडेचना.

आता पुढे काय झालं, पाळणा हलला का, हे विचारायला तुमची जीभ वळवळत असेल. लितियाना म्हणते, "या ना, रांगेत उभे राहा. तुमच्या पुढे माझ्या सासरची एक्केचाळीस माणसं आहेत."