कलम चौदा आणि 'ह'

भाड्याचा करार शब्द न् शब्द वाचून मगच सही करणारा मुंबईतला शेवटचा माणूस म्हणजे मी! असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो. एक बारीकशी गोष्ट तेवढी सांगत नाही. वाचायला दिलेल्या सोळा पानी प्रतीतलं नववं पान मी वाचत असताना आमच्या प्रांजलने दहावं पान खाल्लं. तेव्हा तो एक वर्षाचा होता. डॉक्टर म्हणाले, "निघून जाईल." गेलं. मी अकराव्या पानापासून पुढे वाचलं आणि सही ठोकली.

भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. त्या अकरा महिन्यांत आमच्या दोन मुलांनी मुलुंडच्या त्या वन बीएचकेवर जे केलं, ते शत्रूसैन्यालाही जमलं नसतं. जुलैत पाच वर्षांच्या दिशाने बिटात तळवे बुडवून हॉलच्या भिंतीवर आगगाडी काढली. गणपतीत प्रांजलने छताला मोदक मारला. तो अजून तिथेच आहे. आगगाडीपुढे आम्ही सोफा सरकवला, बाकी डागांवर कॅलेंडरं लावली. एका घरात सात कॅलेंडरं असूनही आम्हाला तारीख कधीच कळत नसे.

याच वर्षात दिशाला 'ह' भेटला.

"बाबा, 'ह' माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे! मला दूध दे!"

"'ह' कोण गं?"

"'ह' म्हणजे 'ह'!"

वर्गात 'ह'वरून कोणी नव्हतं. माझी बायको अपूर्वा घाबरली. म्हणाली, "हिला कोणीतरी दिसतंय रे!" मी म्हटलं, "दिसू दे. दूध संपतंय ना?"

आणि शुक्रवारी घरमालक दत्तारामकाकांचा फोन आला.

"काय रे सुबोध, रविवारी अकराला येतो. कराराचं बघू. काकूला घरही बघायचंय."

दिशाची शाळा आमच्या गेटासमोर. तिथला प्रवेश आम्हाला कसा मिळाला, ते आमचं आम्हाला ठाऊक. करार वाढला नाही तर कुठे फेकले जाणार, देव जाणे!

शनिवारभर मी घासलं, पुसलं, लपवलं. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट राहिली. तिच्यावर खालपासून वरपर्यंत पेन्सिलीच्या रेघा आणि वेडीवाकडी अक्षरं, आकडे. ही पोरगी कुठे कुठे गिरगटते! मी सॅण्डपेपर मारला आणि वर चॉकलेटी ऑइलपेंटचा जाड हात दिला. झकास! पण मुलुंडच्या हवेत ऑइलपेंट वाळत नाही. तो नुसता पाहुण्यांची वाट बघतो.

रविवारी अकराच्या ठोक्याला काका आणि वनमालाकाकू हजर. काकांच्या पिशवीतून मोजपट्टी डोकावत होती. अपूर्वा माझ्या कानात म्हणाली, "डाग मोजणार! वाट लागली!"

काकूंनी सोफ्याकडे पाहिलं नाही, कॅलेंडरांकडे नाही, मोदकाकडेही नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि चौकटीवर मायेने हात ठेवला. तो निघेना. निघाला तेव्हा चॉकलेटी होता.

"हर्षद खंय गेलो?" काकूंनी विचारलं.

घरात पंखा सोडून सगळे थांबले.

"आमचा मुलगा," काका म्हणाले. "लहानपणी दर वाढदिवसाला त्याची उंची इथे मांडायचो. आता दुबईला असतो. त्याचा पोरगा आज पाच वर्षांचा झालाय. आत्ता व्हिडिओ कॉल येईल. बापाशी मापून बघायचंय त्याला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू कलम चौदा वाचलंस ना?"

"वाचलं ना!"

"काय आहे त्यात?"

"...कुत्रा पाळू नये?"

"स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावू नये!"

"कितव्या पानावर?" अपूर्वाने विचारलं.

"दहाव्या."

आम्ही दोघांनी प्रांजलकडे पाहिलं. त्याने छानपैकी ढेकर दिला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजू लागला. दुबई! मी पेन्सिल उचलली. "काका, मला आठवतंय सगळं! हा बघा, पाच वर्षांचा हर्षद!" आणि माझ्या छातीपाशी ठाम रेघ ओढली.

काकू शांतपणे म्हणाल्या, "माझो झील पाच वर्सांचो आसताना फ्रिजाएवढो होतो काय रे?"

फोन वाजतच होता. काका म्हणाले, "सुबोध, मला वाटतं हा करार..."

"बाबा, चूक!"

दिशा आली. ओठांवर दुधाची मिशी, डोळ्यांत आग. "तू 'ह' पुसलास? माझा 'ह'?"

आणि कोणी अडवायच्या आत ती ओल्या चौकटीला पाठ टेकून ताठ उभी राहिली. डोक्यावर दोन बोटं धरली. "पाचचा 'ह' इथे! सहाचा, त्या खिळ्याच्या खाली! सातचा कडीला लागतो! आठचा मला दिसत नाही, स्टूल लागतं!"

काकूंनी नखाने ओल्या रंगात एकेक रेघ ओढली. काका पट्टी लावून बघत गेले. "अगो, बरोबर आसा! सातव्या वर्सा कडी डोक्याक लागली म्हणान रडललो तो!" हे म्हणताना काकूंचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले आणि चॉकलेटी झाल्या.

कॉल झाला. नातू बापापेक्षा अर्धं बोट उंच निघाला. काकांनी नाक शिंकरलं.

"करार वाढवतो," ते म्हणाले. "पण तुझ्याबरोबर नाही, हिच्याबरोबर. तू नुसती सही कर."

दिशाचे केस चौकटीला चिकटले होते, ते कापावे लागले. त्यामुळे आता ती 'ह'पेक्षा तीन बोटं खाली आहे आणि दुधाचा खप वाढलाय. चौकटीवर 'ह'शेजारी 'दि' लिहायची परवानगी नव्या करारात रीतसर दिली आहे.

हो, या वेळी मी वाचतोय, शब्द न् शब्द! कलम चौदा तर पाठच आहे. पंधरावं आज वाचणार होतो, पण ते पान कुठे दिसत नाहीये. आणि प्रांजल सकाळपासून जेवायला मागत नाहीये.