टॉवेलची खुर्ची आणि गोल टेबल

तीन खुर्च्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. फरक एवढाच, की मधलीच्या पाठीवर मानाचा पांढरा टॉवेल होता. मागच्या बैठकीत कारखानदार जितेंद्रभाऊ नेमके त्या टॉवेलला टेकले, आणि शिक्षण खात्याचे मारोतराव साहेब चहाही न घेता निघून गेले!

शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमिला मॅडमची मागणी साधी होती. नववीच्या मुलांना आठवड्यातून एकदा कारखान्यात, खऱ्या यंत्रांवर विज्ञान शिकू द्यावं. शाळा तयार, जितेंद्रभाऊ तयार. साहेबांचं मात्र दीड वर्ष एकच उत्तर: “बघू.” इकडे मुलांची नववी सरत चालली होती.

या बैठकीला मॅडमनी भूमितीला शरण जायचं ठरवलं. वर्तुळाला ना डोकं, ना शेपूट! बेसा चौकातल्या बिछायतवाल्याकडून त्यांनी भलंमोठं गोल टेबल भाड्यानं मागवलं. बैठकीसाठी प्रयोगशाळा टेप लावून मोजली.

“मानपानाचा प्रश्नच मिटला!” त्या म्हणाल्या.

दार मोजायचं राहिलं.

बैठकीच्या दिवशी साहेब वेळेआधीच येऊन आत प्रयोगशाळेत, नववीच्या मुलांमध्ये बसले. मागून टेबल आलं. जितेंद्रभाऊंनी बाह्या सरसावून स्वतः खांदा लावला. दोन पाय आत गेले आणि टेबल चौकटीत असं फसलं, जसा लोट्यात डोकं घातलेला बोका!

“अजून जोर लावा गा!” बाहेरून जितेंद्रभाऊ.

“खबरदार! चौकट सरकारी आहे!” आतून साहेब. “मॅडम, मी आता निघू कुठून?”

बाहेर उभ्या मॅडम आता टेप काढून दार मोजायला लागल्या. आत नववीतली दीक्षा वाकून बघत म्हणाली, “सर, ढकलून काही होत नाही. पाय खोला. नट तुमच्याच बाजूनं आहेत.”

जितेंद्रभाऊंनी टेबलाखालच्या फटीतून पाना आत सरकवला. साहेबांनी आयुष्यभर फक्त पेन चालवलेलं. गुडघ्यांवर बसून, सगळा जीव एकवटून त्यांनी नट आणखी घट्ट केला!

“उलटा, सर, उलटा!” अख्खा वर्ग ओरडला.

“काहून उलटा?”

“तिकडं फिरवलं की सुटते. अन् पाना टोकाला धरा ना, कमी जोर लागते!” दीक्षा म्हणाली.

साहेबांनी टोकाला धरला. नट लोण्यासारखा फिरला आणि टेबलाचा पाय हातात आला. साहेबांनी तो कुस्ती जिंकलेल्या पैलवानाच्या गदेसारखा खांद्यावर घेतला!

“वा रे पोट्टे हो! हे मी पुस्तकात पाठ केलं होतं. हाताले आज समजलं!”

“साहेब, दीड वर्षापासून मी हेच सांगून राहिलो ना!” जितेंद्रभाऊ फटीला तोंड लावून म्हणाले.

मॅडमही साडी सावरत फटीशी ओणवल्या. आता तो “बघू” येणार, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी घसा खाकरला. “बाकीच्या पायांले कोणी हात लावू नका, मीच खोलतो. अन् मॅडम, सोमवारपासून पोरं कारखान्यात पाठवा. मंजूर!”