तिसऱ्या रांगेतल्या धुरपताबाई

गाडी घ्यायची हे ठरलं होतं. कुठली घ्यायची हे यादोरावांनी ठरवायचं होतं, आणि तिथंच सगळं अडलं होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी भंडाऱ्यातल्या घरात एक मिक्सर आणि एक कूलर घेतला होता, आणि दोन्ही वेळा दुकानदारानं शेवटी हात जोडले होते. आता तर तीन रांगांची मोठी गाडी घ्यायची होती. लेक तृप्ती चिखल्याला दिलेली, जावई विनोद तिथल्या खाणीत नोकरीला. लग्नाला कितीतरी वर्षं उलटल्यावर तृप्तीच्या मांडीवर मूल आलं, तेव्हा धुरपताबाईंनी जाहीर करून टाकलं, "आता माह्यानं एसटीचे धक्के खाणं होत नाई. सारे मावतीन अशी गाडी घ्या."

यादोराव कामाला लागले. लोकांची पसंती कळावी म्हणून ते महामार्गावरच्या टपरीवर चहा पीत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या न्याहाळत बसले. कुठली गाडी भरवशाची हे कळावं म्हणून गावातला एकही गॅरेजवाला त्यांनी सोडला नाही. निष्पन्न झालं ते असं : जी गाडी सगळ्यांना हवी होती, तिच्यासाठी वर्षभर थांबावं लागणार होतं. जिच्या नावानं गॅरेजवाले शपथा घेत होते, ती कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं. आणि जी मागताक्षणी मिळत होती, ती कोणीच मागत नव्हतं.

"कोणी घेत नाई म्हंजे काईतरी भानगड असंन," यादोराव म्हणाले.

"तुमाले बी कोनी पोरगी देत नोयतं," धुरपताबाई म्हणाल्या. "मी आली ना? चाललं ना?"

नातीचं नाव ठेवायचा दिवस उजाडला. कार्यक्रम चिखल्याला, दुपारी चारला. नाव आजीनं जाहीर करावं अशी तृप्तीची इच्छा होती, आणि ते नाव धुरपताबाईंनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. बसला अजून वेळ होता. यादोराव म्हणाले, "जाता जाता ते न खपणारी गाडी पाहून घेऊ." नवं जांभळं लुगडं नेसलेल्या धुरपताबाई नाइलाजानं शोरूममध्ये आल्या.

विक्रीचं काम पाहणारा निकेश नावाचा माणूस बिचारा पुष्कळ दिवसांपासून गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. त्यानं चाचणीसाठी ठेवलेली गाडी बाहेर काढली, मधली सीट पुढे दुमडली आणि म्हणाला, "बसा काकू, मागची सीट पाहा. राणीवानी बसान."

धुरपताबाई गुडघ्यावर हात ठेवून, लुगडं सांभाळत मागे गेल्या आणि खरोखरच राणीसारख्या बसल्या. निकेशनं मधली सीट पूर्ववत केली. यादोरावांना तेवढ्यानं समाधान कुठलं! सीट दुमडायचा खटका किती टिकाऊ आहे हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी तो वर ओढला, सोडला. पुन्हा ओढला, सोडला.

"काका, बस झालं," निकेश म्हणाला.

"थांब गा. रोज वापरलं तं टिकन का नाई, हे नोको पाहाले?"

आणि खटक्याची दांडी यादोरावांच्या हातात आली. सीट जागच्या जागी घट्ट बसली. आत धुरपताबाई, बाहेर यादोराव, हातात दांडी.

निकेशनं सीट हलवली, ढकलली, शेवटी तिला पाया पडल्यासारखा तो वाकला. सीट ढिम्म. शोरूमचा मिस्त्री पवनीला मेव्हण्याच्या लग्नात गेला होता. दुसरा यायचा तर नागपूरहून, तोही संध्याकाळपर्यंत.

"काकू, मागची डिक्की उघडून देतो. सीटची पाठ पाडली की सरळ उतरता येते."

"मी काय धानाचं पोतं आहो का, मागून उतरवाले?" धुरपताबाई कडाडल्या. "नवं लुगडं नेसून, चार लोकाईसमोर? समोरून बसली, समोरूनच उतरीन."

यादोरावांनी समजावलं. निकेशनं हात जोडले. शोरूममध्ये झाडलोट करणाऱ्या लीलाबाईंनीसुद्धा सांगून पाहिलं. धुरपताबाई हटल्या नाहीत. तेवढ्यात ज्या बसनं जायचं होतं ती तुमसरची बस समोरच्या रस्त्यावरून निघून गेली. तिच्याकडे पाहताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "तृप्ती वाट पाहत असंन हो."

यादोरावांनी दांडी हळूच खिशात घातली. बायकोच्या नजरेला नजर द्यायची त्यांची हिंमत होईना.

अशा वेळी तुमसरकडच्या सिहोऱ्याचे पुंडलिकराव आणि गोदावरीबाई दारात उभे राहिले. धानाची शेती करणारं हे जोडपं ठरवून गाडी चालवून पाहायला आलं होतं, आणि चाचणीची गाडी तर एकच होती. पुंडलिकरावांनी आत डोकावलं.

"गाडीसंगं बाई बी भेटते काय जी?"

"बाई अटकली हाये," यादोराव पुटपुटले.

सगळी हकिकत ऐकून गोदावरीबाई हळहळल्या. "अवं माय! नातीचं नाव ठेवाचं अन् आजी इथं?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आपल्याले गाडी पाहाचीच हाये ना? मंग चिखल्यालेच नेऊन पाहा. आपल्याकडच्या रस्त्यानं चालली तं खरी."

"हाव ना," पुंडलिकराव म्हणाले. "महामार्गावर तं बैलबंडी बी पळते."

निकेशला फक्त बायपासपर्यंत जायची परवानगी होती. त्यानं घाबरत साहेबांना फोन लावला. साहेब पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलले, की ते गाडीत बसलेल्या धुरपताबाईंनासुद्धा ऐकू गेलं. "गिऱ्हाईक गाडीत अडकलंय? पेपरात आलं तर? त्या बाई म्हणतील तिकडे ने! दिल्लीला म्हणाल्या तर दिल्लीला ने!"

गाडी निघाली. पुढे निकेश आणि पुंडलिकराव, मधे यादोराव आणि गोदावरीबाई, मागे एकट्या धुरपताबाई. भंडारा मागे पडलं. मग गोदावरीबाईंनी मागे वळून विचारलं, "कसं वाटते जी मागं?"

धुरपताबाईंनी इतका वेळ त्या सीटकडे शत्रू म्हणून पाहिलं होतं. आता त्यांनी नीट विचार केला. "खरं सांगू? पाय मोकळे हायेत. हवा येऊन राहिली. इतका वेळ बसली, पन गुडघा काई बोलला नाई अजून."

"पण लोकं ही गाडी घेत नाईत," यादोराव म्हणाले. "मी स्वतः पाहिलं, टपरीवर बसून."

"तुमी टपरीवर बसले होते. मी गाडीत बसली हाये," धुरपताबाई म्हणाल्या. पुंडलिकराव खो खो हसले.

तुमसर ओलांडलं. पुढे रस्ता खराब होता. मँगनीजचे ट्रक जाऊन जाऊन त्याची चाळण झाली होती. गाडी डुलली, आपटली, पण अडली नाही. दोघी बायका तोवर लेकींची बाळंतपणं, सुना आणि डिंकाचे लाडू अशा गावांना पोचल्या होत्या. यादोराव खिडकीबाहेर पाहत होते. ओळख ना पाळख, आणि ही माणसं त्यांच्यासाठी आपली वाट सोडून निघाली होती. आभार कसे मानावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

चिखल्याच्या कॉलनीत पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मांडवात बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातलेले, लोक बसलेले, त्रिशरण-पंचशील आजीसाठी थांबलेलं. गाडी दिसताच विनोद धावत आला, मागोमाग तृप्ती आली, आणि तिच्या हातातल्या बाळानं एकदम टाहो फोडला.

"काहून रडून राहिली ते?" आतून धुरपताबाई ओरडल्या. "भूक लागली का तिले? डिक्की उघडा! उघडा म्हंतो ना!"

निकेशनं डिक्की उघडायचा अवकाश, धुरपताबाईंनी सीटची पाठ पाडली आणि अख्ख्या कॉलनीसमोर मागच्या बाजूनं खाली आल्या. विनोदनं एक हात धरला, गोदावरीबाईंनी दुसरा. जांभळं लुगडं चुरगळलं, पदर डोक्यावरून घसरला. त्याचं भान त्यांना नव्हतं. त्यांनी नात छातीशी धरली आणि ती गप्प झाली.

वंदना झाली. धुरपताबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिचं नाव मैत्री." टाळ्या वाजल्या. तृप्तीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. गोदावरीबाईंना पहिल्या रांगेत बसवून त्यांच्या हातात सगळ्यांच्या आधी जेवणाचं ताट दिलं गेलं. यादोराव वाढायला उभे राहिले, आणि पुंडलिकरावांच्या पानात त्यांनी इतक्यांदा खीर वाढली की शेवटी पुंडलिकराव हात आडवा धरून म्हणाले, "भाऊ, आता गाडीतून मले बी मागूनच काढा लागन."

जेवणानंतर सारी कॉलनी गाडीभोवती जमली. ही कुठली गाडी, मागे माणूस मावतो का, रस्त्यात त्रास झाला का, असे प्रश्न सुरू झाले. निकेश बोलायला लागला, पण लोकांना त्याचं ऐकायचं नव्हतं. त्यांना धुरपताबाईंचं ऐकायचं होतं. आणि धुरपताबाईंनी सांगितलं. पाय कसे ठेवायचे, हवा कुठून येते, सारं सांगितलं. खटक्याचंही लपवलं नाही. "तुटला तो. पन तोडला यायनं," असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

दोनेक आठवड्यांनी निकेश पेढे घेऊन भंडाऱ्याच्या घरी आला. तो दोघांच्या पाया पडला.

"काकू, तुमच्यामुळं नोकरी वाचली. पुंडलिकरावांनी गाडी नेली. चिखल्यातून फोनवर फोन येऊन राहिले. तुमसरच्या डॉक्टरांनी घेतली, त्यायच्या मेव्हण्यानं घेतली."

यादोरावांनी पेढा तोंडात टाकला आणि मोठ्या उदार मनानं म्हणाले, "आमचं बी ठरलं बाबा. तेच गाडी. आता काई तुलना नाई, काई चौकशी नाई. उद्याच घेऊन ये."

निकेशचा चेहरा पडला. त्यानं धुरपताबाईंकडे पाहिलं, मग पेढ्यांच्या डब्याकडे.

"काका... आता तिलेही वेटिंग लागलं. सहा महिन्याचं."

धुरपताबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. यादोरावही हसू लागले, आणि हसता हसताच त्यांनी यादीत आपलं नाव घालायला सांगितलं.

निकेश निघायच्या आतच फोन वाजला. पलीकडे पुंडलिकराव होते. "भाऊ, ऐतवारी चिखल्याकडं जाऊन राहिलो आमी. गोदावरीले मैत्रीची आठवण येऊन राहिली. भंडाऱ्याहून तुमाले घेऊन जाऊ काय?"

"अहो, सिहोऱ्याहून चिखल्याले जाताना भंडारा कुठं लागते?" यादोरावांनी विचारलं.

"नाई लागत," पुंडलिकराव म्हणाले. "किती वाजता येऊ?"